मडक्यातला आवाज

अण्णांनी फाटक ढकललं तेव्हा नीरजा घराला वळसा घालून परसातून पुढच्या अंगणात येत होती. डाव्या खांद्यावर पाण्यानं भरलेलं नवंकोरं मडकं, मडक्याच्या पोटाला तिनंच पाडलेलं भोक, आणि त्या भोकातून निघालेली बारीक धार तिच्या पाठीवरून, पोलक्यातून, परकराच्या काठावरून उतरून मातीत ओली रेघ ओढत चाललेली. पाणी गार होतं. गुदगुल्या होत होत्या. ती एकटीच हसत होती. "अण्णा!" ती ओरडली, "तिथंच थांबा हं, एक गंमत दाखवते!" अण्णा थांबलेलेच होते. एक पाय आत, एक बाहेर, बगलेतली छत्री दोन्ही हातांनी छातीशी धरलेली, आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काहीच नाही. विधानसौधातल्या ऑफिसातून सुटल्यावर बस बदलत येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर घाम तरी असतो. तोही नव्हता. "नीरू," ते म्हणाले, "खाली ठेव ते. हळूच ठेव. समोर ठेव. मागं टाकू नकोस." मागं कशाला टाकीन, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. इतक्या खटपटीनं पाडलेलं भोक, आधीची दोन मडकी तडकून फुकट गेलेली, आणि मी हे मागं टाकीन? पण अण्णांचा आवाज असा काही होता की तिनं निमूटपणे मडकं तुळशीपाशी उतरवलं. अण्णा तिच्या बाजूनं गेले, पण भिंतीला घासून, अंग चोरून, अंधाऱ्या बोळातून कोणी समोरून आल्यावर जातात तसे. चपला काढल्या नाहीत, टोपी खुंटीला लावली नाही. सरळ न्हाणीघरात गेले आणि थोड्या वेळानं आतून पाणी ओतल्याचा आवाज यायला लागला. तांब्यानं नव्हे, बादलीनं. बादली बुडायची, वर यायची, आणि सगळं पाणी एकदम फरशीवर आदळायचं. मग पुन्हा.

रागावले, असं नीरजाला वाटलं. कशावर, ते कळेना. पोलकं ओलं झालं म्हणून? वयात आलेली मुलगी भर अंगणात मडकी वाहते म्हणून? पण अण्णा तसले नव्हते. मागल्या महिन्यात ती एरियलची तार बांधायला परकर खोचून कौलांवर चढली, तेव्हा समोरच्या घरातल्या बायका नाकाला पदर लावून बघत होत्या आणि अहल्याअत्या खालून रामनामाचा गजर करत होती. अण्णा नुसते म्हणाले होते, "सरी. उतरताना सांभाळ." कानडीतलं 'ठीक आहे'. बस्स. तेवढंच. अम्मा गेल्यापासून अण्णांचं बोलणं हो, नको आणि सरी यांत मावत होतं, आणि हेच तर सगळ्या खटपटीचं मूळ होतं. चीनच्या लढाईच्या थंडीत अम्मा गेली. आता पुन्हा आंबे बाजारात आले होते आणि पुढच्या खोलीतली वेताची खुर्ची रिकामीच होती. अण्णा ऑफिसातून येत, कॉफी घेत, मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसत, हाक मारली की जेवायला येत. भांडण नाही, रडणं नाही, काही नाही. नीरजाला कधीकधी वाटे की घरात कुणी भाडेकरू राहायला आलेत आणि ते फार सज्जन आहेत.

आणि पूर्वी? पूर्वी ह्याच माणसाला गप्प बसवायला लागायचं! संध्याकाळी अण्णा त्या वेताच्या खुर्चीत बसून रेडिओ लावत आणि अम्मा स्वयंपाकघरातून ओरडे, "काय हो म्हणतोय तो? भाताच्या रटरटीत काही ऐकू येत नाही!" मग अण्णा बातम्या सांगणाऱ्याच्याच घोगऱ्या सुरात सांगत, "म्हणतोय, वसुमतीबाईंच्या कालच्या सारात मीठ जास्त पडल्याबद्दल मंत्रिमंडळानं चिंता व्यक्त केली." आतून अम्मा म्हणे, "त्याला म्हणावं, तू येऊन कर!" नीरजा पोट धरून हसत सुटे. तो रेडिओ म्हणजे तरी काय होता! गांधीबझारातल्या एका दुकानदारानं स्वतःच जोडून विकलेला लोकल सेट, बिस्किटांच्या डब्याहून थोडा मोठा, आणि आवाज असा की गाणारी बाई पत्र्याच्या पिंपात बसून गातेय. "हिच्या घशात कुणी पत्रा घातला गं?" असं अम्मा म्हणे. पुढं पुढं, आतल्या खोलीत पडून राहावं लागल्यावर तो आवाज तिला टोचायला लागला. किर्र वाजलं की तिच्या कपाळाला आठी पडे. "नीरू, त्याला स्वल्प पांघरूण घाल. थंडी वाजतेय त्याला, दात वाजताहेत." नीरजा टॉवेलाची घडी जाळीवर टाकी. आवाज बुजे, पण किर्र तसंच राही. अम्मा म्हणे, "असू दे. असू दे. बंद नको करूस, ते ऐकताहेत." अण्णा ऐकत नव्हते. अण्णा खुर्चीत बसून आतल्या खोलीच्या दाराकडे बघत असत. पण ते अम्माला कुठं दिसत होतं.

त्या वेळी नीरजाला काहीसुद्धा येत नव्हतं. हे तिला फार लागे. आता, नववीत, शाळेच्या प्रदर्शनात तिच्या क्रिस्टल सेटला पहिलं बक्षीस मिळालं होतं, हेडमिस्ट्रेसबाईंनी कानाला भोंगा लावून "अय्यो, खरंच बोलतंय की!" म्हटलं होतं, आणि तेव्हापासून नीरजाच्या तोंडी एकच, मी करते. फ्यूज गेला, मी करते. घड्याळ थांबलं, मी करते. अहल्याअत्या कपाळाला हात लावून म्हणे, "लग्नसुद्धा तूच लावून घेशील तुझं, भटजींना घरी पाठवून." शेजारचे चंद्रकांतकाका टेलिफोनच्या कारखान्यात इंजिनियर होते, पुण्याहून आलेले, त्यांनी तिला तारा सांधायला डाग द्यायची तापणी दिली होती आणि तोंडभर चेष्टाही. "तुमचं हे बेंगळूरचं मराठी म्हणजे कानडीत भिजत घातलेलं," असं ते म्हणत. "आणि तुमचं पुण्याचं वाळत घातलेलं," असं नीरजा म्हणे. त्यांनीच तिला खरी मेख सांगितली. स्पीकर फक्त पुढून वाजत नाही, मागूनही तितकाच वाजतो. मागून निघालेला आवाज वळसा घालून पुढं येतो आणि पुढच्याला खाऊन टाकतो. सगळा खर्जच खाऊन टाकतो, उरते ती किरकिर. "त्या मागच्याला कुठंतरी कोंडायला हवं. कुठं, ते तू शोध. तेवढी अक्कल तुला आहे."

मग काय, नीरजा घरभर स्पीकर घेऊन हिंडली. बिचाऱ्या रेडिओच्या पोटातून तो तळहाताएवढा स्पीकर तिनं सोडवून काढला, त्याला लांब तारा जोडल्या आणि दिसेल त्या पोकळीत त्याला बसवून पाहिलं. साबणाच्या खोक्यात बसवला, आवाज साबणासारखाच बुळबुळीत. बिस्किटांच्या डब्यात बसवला, पत्र्यात आणखी पत्रा. तांदळाच्या पिंपाच्या तोंडावर ठेवला तेव्हा अत्या लाटणं घेऊन आली, "तांदळात गाणी घालतेस? उद्या भात सूर धरील!" आणि मग एक दिवस, स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या मडक्यात वाकून बघताना तिनं सहज "अण्णा" म्हटलं आणि मडकं तिला तेच म्हणालं, पण केवढ्या भारदस्त आवाजात! ती धावतच सुटली. मडक्याच्या तोंडावर पालथा घातलेला स्पीकर खरोखर माणसासारखा बोलला. फक्त थोडा कोंडलेला, सर्दी झाल्यासारखा. हे कोंडलेपण कसं घालवायचं ते मात्र तिला कुणीच सांगितलं नाही, ते तिनं स्वतः काढलं. शाळेच्या प्रयोगशाळेत पितळेचा एक पोकळ गोळा होता, त्याला एका बाजूला तोंड आणि दुसऱ्या बाजूला बारीक भोक, आणि तो कानाशी धरला की एकच सूर वेचून मोठा करून ऐकवी. गणिताच्या तासाला खिडकीतून बाहेर बघता बघता तिला एकदम वाटलं, मडकं श्वास कोंडून बसलंय. त्याला नाक नाही! पोटाला एक भोक पाडलं की त्याचा श्वास मोकळा होईल. ती इतकी जोरात "हां!" म्हणाली की बाईंनी तिला उभं केलं.

भोक पाडायला मडकं कोरं हवं, म्हणून ती कुंबारपेटेत गेली. कल्लाप्पा कुंभाराकडून त्यांच्या घरी वर्षानुवर्षं मडकी येत. नीरजानं एकेक मडकं उचलून बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं, ज्याचा आवाज लांबला ते बाजूला ठेवलं. कल्लाप्पा कौतुकानं बघत होता. मग ती कन्नडात म्हणाली, "ह्याच्या पोटाला एक भोक पाडून द्या." कल्लाप्पाचा हात थांबला. "भोक पाडलेलं मडकं कुणी नेत नाही अम्मा. ते तिथं गेल्यावर पाडतात." "तिथं म्हणजे कुठं?" तो मडक्याच्या काठावरची माती पुसत राहिला. मग त्यानं हळूच विचारलं, "कोणासाठी?" "माझ्या वडिलांसाठी!" नीरजा म्हणाली, आणि वर, "मीच करणार आहे सगळं, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही!" कल्लाप्पानं तिच्याकडे असं पाहिलं, असं पाहिलं, की तिला वाटलं, मुलीची जात आणि रेडिओ करते म्हणून बिचारा चकित झालाय. हे आताशा फार होई आणि तिला ते आवडे. "घरी दुसरं कुणी नाही?" "मी आहे की." कल्लाप्पा चिखलाचे हात पुसत उठला आणि आत गेला. जाताना म्हणाला, "ने. पण भोक माझ्या हातून नाही पडायचं." ती मडकी घेऊन बसमध्ये बसली, मांडीवर एक, पायांशी दोन, आणि वाटेत सगळा वेळ गुणगुणत होती.

न्हाणीघरातला आवाज अजून चालूच होता. बादली बुडायची, वर यायची. हा आवाज तिनं पूर्वी कधीतरी ऐकला होता, असाच, इतकाच वेळ, पण कधी ते आठवेना. नीरजानं ओठ घट्ट मिटले. रागावू देत. एकदा आवाज ऐकला की आपोआप येतील बाहेर. मडक्याला कुठं ओल फुटली नव्हती, केसाएवढीही चीर नव्हती, म्हणजे गाण्याबरोबर ते कुरकुरणार नव्हतं. त्यासाठीच तर पाणी भरलं होतं, आणि पुढच्या अंगणात उजेड चांगला म्हणून इकडं आणलं होतं. तिनं ते रिकामं केलं, अत्याच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यानं आतून खसखसून पुसलं, शेगडीवर धरून शेकलं. स्पीकरच्या कागदाला ओल लागू नये म्हणून सायकलच्या ट्यूबची चकती कापून तयारच होती, ती काठावर बसवली, तिच्यावर स्पीकर, वरून सुतळी. पुढच्या खोलीत वेताच्या खुर्चीसमोर चुंबळीवर मडकं ठेवलं, भोक खुर्चीकडे. तारा जोडल्या, खटका दाबला. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात ती दोन्ही हात गुडघ्यांत दाबून उकिडवी बसली. आणि मग एका बाईंचं देवरनाम, कानडी भजन, आलं. पण आधी आला तंबोरा. नीरजाच्या अंगावर काटा आला. ह्या बाईंना ती लहानपणापासून ऐकत होती आणि त्यांच्यामागं तंबोरा असतो हे तिला ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं तो तिथं होता, वाजत होता, आणि ह्या घरात पोचत नव्हता. आता तो जमिनीतून वर आल्यासारखा खोलीभर पसरला आणि त्याच्यावर बाईंचा आवाज किती सावकाश, किती जवळून आला. कुठं पत्रा नाही, कुठं किर्र नाही. अम्माला हे चाललं असतं. अम्माच्या कपाळाला आठी पडली नसती. "अण्णा!" तिनं हाक मारली, आणि तिच्या लक्षात आलं की न्हाणीघरात आता सामसूम आहे.

पण आधी आली ती अहल्याअत्या. मठातून आली, हातात तीर्थाचा गडू, आणि दारातूनच तिला गाणं ऐकू आलं असावं, कारण चेहरा जरा सैल होता. मग तिची नजर चुंबळीवर गेली. "भोक कुणी पाडलं त्याला?" "मी! अत्या, ऐका ना, तंबोरा ऐकू येतोय की नाही?" "आणि नरसिंहा कुठाय?" "आंघोळ करताहेत. आल्याबरोबर गेले. मी पाणी भरून खांद्यावरून आणत होते, ते बघून काय झालं कोण जाणे." "खांद्यावरून?" अत्याच्या हातातला गडू कलला. "पाणी गळत?" "गळणारच की, भोक आहे ना." अत्या भिंतीला धरून खाली बसली. तिनं तोंडात मारून घेतली, स्वतःच्या. "अगं कारटे. अगं तुला कुणीच कसं सांगितलं नाही. भोकाचं मडकं खांद्यावर घेऊन कोण फिरतं? पोर फिरतं. बाप चितेवर असला की फिरतं. एकेक फेरीला मागचा माणूस दगडानं भोक पाडतो, पाणी गळत राहतं, आणि शेवटी मागं न बघता पाठीमागं टाकून फोडायचं. आणि तू हे भरल्या घरात, जित्याजागत्या बापासमोर!" तिचा श्वास लागला. मग एकदम हळू आवाजात, "आणि त्यानं ते आत्ताच खांद्यावर घेतलंय गं. वसुमतीसाठी. तुला भाऊ नाही. त्यानंच घेतलं."

तंबोरा वाजतच होता. नीरजाला आपले हात कुठं ठेवावेत ते कळेना. बायकांना तिकडं नेत नाहीत एवढं तिला माहीत होतं. तिकडं काय करतात हे तिनं कधी विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलं नव्हतं. अम्माला नेलं त्या दिवशी तिला चंद्रकांतकाकांच्या घरी बसवलं होतं. हेमलताकाकूंनी तिच्या हातात कॉफी दिली होती आणि ती तशीच धरून ती खिडकीशी उभी होती. पुरुष परत आले ते एका ओळीनं, ओल्या पंच्यांनी, आणि सगळ्यांत पुढं अण्णा. खिडकीखालून जाताना तिनं हाक मारली, "अण्णा!" ते दोन हातांवर होते. थांबले नाहीत, मान वळवली नाही. पुन्हा मारली, रडत मारली. अण्णा चालत राहिले. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पण रात्री आडवं पडलं की तिला ती मान दिसे, ओली, ताठ, न वळलेली. अम्मा गेली आणि अण्णांना आता मी नको आहे, असं तिच्या मनानं त्या खिडकीत ठरवलं होतं, आणि मग बक्षिसं काय, कौलं काय, मी करते मी करते काय, सगळं त्या मानेनं एकदा वळावं म्हणून. आणि हो, तो पाण्याचा आवाज. त्याच संध्याकाळी, ह्याच न्हाणीघरात. बादलीनं. कल्लाप्पा आठवला. कोणासाठी? माझ्या वडिलांसाठी! मीच करणार आहे सगळं!

"फोड ते आत्ताच्या आत्ता," अत्या उठत म्हणाली. "परसात नेऊन फोड, नि डोक्यावरून न्हा."

"राहू दे अक्का." अण्णा आतल्या दारात उभे होते. ऑफिसचे कपडे अंगावरच, सगळे भिजलेले, कोट पाण्यानं जड होऊन खांदे ओघळलेले. त्यांच्या पायांशी थारोळं साचत होतं. "छान वाजतंय. कशाला फोडता."

"नरसिंहा, अरे पण—"

"भात लाव जा, अक्का. भूक लागलीय."

भूक लागलीय हे शब्द त्या घरात इतक्या दिवसांत कुणी ऐकले नव्हते. अत्या डोळ्यांना पदर लावून आत गेली. अण्णा आले आणि तसेच, ओलेच्या ओले, वेताच्या खुर्चीत बसले. नीरजानं ह्या क्षणाची किती चित्रं काढली होती मनात! खुर्चीत अण्णा, समोर गाणं, आपण खाली जमिनीवर. सगळं तसंच होतं. ती उठून बंद करायला गेली तर त्यांनी हातानं थांबवलं.

"अण्णा, मला माहीत नव्हतं."

"कसं असणार."

"अण्णा, तुम्ही घाबरलात?"

बाई कडव्यावरून पुन्हा पल्लवीवर आल्या. "त्या दिवशी तू खिडकीत होतीस," ते म्हणाले. "हाक मारलीस. ऐकलं मी. भटजी म्हणाले होते, घरच्या दिव्यापर्यंत मागं बघायचं नाही. बघितलं की गेलेलं माणूस मागोमाग येतं, अडकतं. मला वाटत होतं, येऊ दे. अडकू दे. पण तुझा आवाज ऐकला आणि म्हटलं, नको. ही पोर आहे." त्यांनी तोंडावरचं पाणी पुसलं. "मग घरी आलो आणि तुला सांगायचं राहिलं. मग आणखी राहिलं. राहिलं की बोलणं कुठून सुरू करायचं ते सापडत नाही, नीरू."

नीरजा रडत होती, पण आवाज न करता, कारण तिला एकही शब्द चुकवायचा नव्हता. अण्णा बोलत होते! पूर्वीसारखं नव्हे, पण वाक्यामागं वाक्य येत होतं. तिला ते हवं होतं, हेच हवं होतं, पण अण्णा तिच्याकडे बघत नव्हते. ते मडक्याच्या भोकाकडे बघत होते.

"अक्कानं ठरवलंय," ते म्हणाले, "माझ्या वेळी धारवाडहून सुधींद्रला बोलवायचं. पुतण्या आहे, मुंज झालीय, शास्त्राला चालतो. चांगला मुलगा आहे. मी त्याला बघितलंय दोनदा. रोज संध्याकाळी मागं बसून मी हाच विचार करतो. तार जाईल, तो निघेल, गाडी उशिरा येईल. तोपर्यंत मी असा पडून. आणि मग एक परका मुलगा, त्याची परीक्षा असेल, घाई असेल." ओल्या मिशांखाली ते किंचित हसल्यासारखे झाले. "आज फाटक उघडलं, नि बघतो तर तू. खांद्यावर घेऊन येतेयस. हसत. घाबरलो नाही गं. मला बरं वाटलं. म्हटलं, आलं आपलं माणूस. वाटलं, आत्ता गेलो तरी चालेल. आणि मग एवढी भीती वाटली, ती आपल्याला बरं वाटलं ह्याचीच. म्हणून पाणी ओतून घेतलं."

रोज संध्याकाळी. भिंतीकडे तोंड करून. नीरजाला वाटत होतं ते अम्माचा विचार करताहेत. ती इकडं साबणाची खोकी आणि बिस्किटांचे डबे वाजवत होती, किरकिर कशी घालवायची ह्याच्या मागं होती, आणि तिकडं तो सज्जन भाडेकरू आपलं सामान बांधत बसला होता.

"नीरू," अण्णा म्हणाले. आता त्यांनी तिच्याकडे पाहिलं, खरोखर पाहिलं, किती दिवसांनी. "बायका तिकडं जात नाहीत. अक्का आकांत करील, भटजी नाही म्हणतील. तरी विचारतो. तू येशील?"

नीरजा ही अलीकडे प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देणारी मुलगी. शाळेतल्या बाई म्हणत, आधी ऐक मग हात वर कर. आता हात वरही होईना आणि मी करते हे दोन शब्द, जे ती दिवसातून शंभरदा फेकत असे, ते जिभेच्या मागं कुठंतरी थिजून बसले. ती पंधराची होती. तिला गाणं ऐकवायचं होतं.

"कधी?" तिनं विचारलं.

अण्णा तिच्याकडे बघत राहिले आणि मग हसले. मोठ्यानं. खुर्ची करकरली, कोटातून पाणी ठिबकलं. "आज नाही," ते म्हणाले. "आज भात लावलाय अक्कानं." आणि तिच्या केसांवर ओला हात ठेवून, उठून, धोतर बदलायला आत गेले.

जेवताना अण्णा मध्येच म्हणाले, "अक्का, सारात मीठ बेताचं पडलंय हो, मंत्रिमंडळ खूश होईल," आणि अत्या पदरात तोंड घालून एकाच वेळी हसली आणि रडली. पुढच्या खोलीत रेडिओ चालूच होता. कुणी बासरी वाजवत होतं, आणि खालचे, अगदी पोटातले सूर भिंतीपलीकडून पाटापर्यंत पोचत होते. "वाजतोय मात्र बरा," अत्या म्हणाली, नाइलाजानं, नीरजाकडे न बघता. "हात आहे पोरीला." अण्णांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला, त्यात खड्डा करून सार वाढून घेतलं आणि सावकाश, चवीनं, हलकं झालेल्या माणसासारखे जेवत राहिले. नीरजानं घास कालवला. तोंडापर्यंत नेला. परत पानात ठेवला. अत्या म्हणाली, "जेव गं, गार होतोय." ती "हो" म्हणाली आणि भाताकडे बघत बसली.